खटाव तालुक्यातल्या आमच्या नव्या बचत गटाला फिरता निधी हवाय. अर्ज थेट जिल्ह्याला करायचा का?
नाही, साताऱ्याला हेलपाटा मारू नका. ‘उमेद’चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, प्रस्ताव गावातल्या सीआरपी (गटांना मदत करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंमार्फत वडूजच्या तालुका कक्षाकडे जातो. पैसा केंद्र आणि राज्याचा, ६०:४०, पण गटाची पारख खालीच होते. मी गटांच्या वह्या लिहिते, म्हणून खात्रीने सांगते: गटाला ३ महिने झाले की पंचसूत्री बघतात, म्हणजे दर आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे. इतिवृत्तात कुणाची सही राहिली असेल तर आधी ते नीट करा. हा निधी सरकारला परत द्यायचा नसतो, तरी वाटून घेऊ नका बायांनो, आपसात कर्जाऊ फिरवा. ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, येणारा समुदाय गुंतवणूक निधी मात्र वेगळा, तो हप्त्याने ग्रामसंघाला फेडावाच लागतो.