संरक्षण-सुरक्षा विषयाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरतोय ना, मग आधी हे वाच

भाऊ, तुझा निबंध वाचला. पहिला अख्खा पॅरा 'लहानपणापासून देशासाठी काहीतरी करायचं होतं' यातच गेला, तो काढून टाक, सगळेच तसं लिहून राहिले. हे फॉर्म वाचणारे लोक पगारी नाहीत रे, कोणी रिटायर्ड अधिकारी, कोणी प्राध्यापक, दिवसभराचं काम आटपून रात्री वाचत बसतात, तुला नेमकं काय शिकायचंय ते त्यांना पहिल्या चार ओळीत दिसलं पाहिजे.

आणि विषयासाठी दिल्लीकडे कशाला पाहतो? आपल्या नागपुरातच बघ, वायुसेनानगरात एअर फोर्सची मेंटेनन्स कमांड, म्हणजे देखभालीचं मुख्यालय आहे, अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज १९५७ साली इथंच सुरू झालं. 'राष्ट्रीय सुरक्षा' एवढं मोठं धरण्यापेक्षा 'मोठ्या स्फोटानंतर शहराची यंत्रणा कशी हलते' असं काहीतरी घे. फक्त जे उघड छापलंय तेच वापर, ओळखीच्या जवानाकडून ऐकलेलं किंवा कॅम्पजवळचे फोटो बिलकुल नको.

मेंटॉर मिळाला की 'सर गाइड करा' एवढाच मेसेज टाकू नको बाप्पा, त्याचं उत्तर काय देणार कोणी? असं विचार, 'कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या कारगिल रिव्ह्यू कमिटीचा रिपोर्ट वाचला, त्यानंतर २००२ मध्ये डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी ही लष्करी गुप्तवार्ता संस्था आली, तर तिन्ही दलांच्या माहितीच्या समन्वयावर पुढं काय वाचू?' मग बघ, माणूस स्वतःहून फोन करतो. स्कॉलरशिप नाही मिळाली तरी मेंटॉरशी बोलणं सोडू नको, पैशापेक्षा तेच जास्त कामी येतं.

दुसरा ड्राफ्ट झाला की पाठव, मी वाचतो.