ना. म. जोशी मार्गावरचे जोशी कोण?

प्रश्न : ताई, माझं ऑफिस लोअर परळला आहे, रोज ना. म. जोशी मार्गावरून चालत जाते. आजोबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते, ते या रस्त्याला शेवटपर्यंत डिलाईल रोडच म्हणायचे. घरी नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव खूप ऐकलंय, पण हे जोशी कोण ते कोणालाच सांगता येत नाही. सांगाल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, बरं झालं विचारलंस, कारण या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. लोखंडे आधीच्या पिढीतले, १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळे. नारायण मल्हार जोशींचा जन्म १८७९ चा, गाव गोरेगाव, पण मुंबईतलं नाही हं, रायगड जिल्ह्यातलं. आधी काही वर्षं मास्तरकी केली, मग १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं अशी कामं. बारा-बारा तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री अक्षरं गिरवायला बसतो, त्याला काय शिकवायचं आणि किती, हे ज्याने जवळून बघितलं तो पुढे कायद्याकडे वळला यात मला तरी नवल वाटत नाही.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद झाली, तिथे भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. सोबत सल्लागार होते मद्रासच्या युनियनचे बी. पी. वाडिया. आणि पुढच्याच वर्षी मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या भांडणात मालकांनी वाडियांवरच दावा ठोकला, की तुम्ही कामगारांना करार मोडायला लावलात, आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला! म्हणजे युनियन काढणं हाच गुन्हा ठरायची वेळ. तेव्हा जोशींनी १९२१ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात ठराव आणला की युनियनची नोंदणी आणि संरक्षण यासाठी कायदा करा. कायदा यायला १९२६ उजाडलं. त्यात सात कामगार एकत्र आले की नोंदणीचा अर्ज करता यायचा, आणि संपासाठी नोंदणीकृत युनियनच्या लोकांवर कटाचा खटला किंवा करार मोडायला लावल्याचा दावा लावता येत नव्हता. मला हे कलम त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्यानंतर पुढाऱ्याला कोर्टात खेचून संप मोडायची वाट बरीचशी बंद झाली.

१९२० मध्ये मुंबईत आयटक, म्हणजे देशभरच्या युनियनची मध्यवर्ती संघटना, स्थापन झाली, लाला लजपतराय पहिले अध्यक्ष, त्यातही जोशी होतेच, पुढे सरचिटणीस झाले. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप तुझ्या आजोबांच्या आधीच्या पिढीने बघितला असेल, त्याच्या संयुक्त समितीत हे मवाळ जोशी आणि डांग्यांसारखे कम्युनिस्ट एकत्र बसले. पण १९२९ मध्ये नागपूरला आयटकमध्ये फाटलं. सरकारच्या कामगार आयोगावर जोशी सदस्य होते आणि बाकीच्यांना आयोगावर बहिष्कार हवा होता, म्हणून जोशी बाहेर पडले. दिल्लीच्या विधिमंडळातही ते सरकारने नेमलेले सभासद होते, त्यावरून त्यांच्यावर टीका खूप झाली. मला विचारशील तर ती थोडी अन्यायाची होती, विधिमंडळातल्या त्या खुर्चीवरून त्यांनी १९२४ मध्ये बाळंतपणाच्या रजेचं बिल मांडलं, ते पडलं, पण पाचच वर्षांनी १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा आला. आणि फाटलेलं परत सांधल्यावर १९४० पासून पुन्हा आयटकचं सरचिटणीसपद त्यांनी आठेक वर्षं सांभाळलं. १९५५ मध्ये ते गेले.

आजोबांचा डिलाईल रोड म्हणजेच हा रस्ता, तिथल्या बीडीडी चाळींमध्ये गिरणीवाल्यांचीच बिऱ्हाडं असायची. उद्या जाताना पाटीवरचं पूर्ण नाव एकदा वाच, आणि आईबाबांनाही सांग.