सनावळ्या पाठ आहेत, तरी सातपैकी दोनच गुण का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते स्वतः इंजिनिअर, २००४ साली एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर तिकडे गेले. मुलगी अकरावीत आहे आणि तिने कॅल्क्युलस, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्टरी असे चार एपी, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे, विषय घेतले आहेत. तीन विषयांत ती वर्गात पुढे आहे. इतिहासाला मात्र रोज दोन तास देऊनही डिसेंबरमधल्या डीबीक्यूत, म्हणजे दिलेल्या ऐतिहासिक कागदांच्या आधारे लिहायच्या निबंधात, तिला सातपैकी दोनच गुण पडले. 'आमच्या वेळी सनावळ्या पाठ केल्या की इतिहासाची काळजी नसायची. मी रोज जेवताना तिला साल विचारतो, ती चुकत नाही. मग गुण जातात कुठे? हा विषय सोडून द्यावा का? तसाही इतिहासाचा पुढे उपयोग काय?' असं त्यांनी विचारलं आहे. सोबत निबंधाची प्रत आणि प्रश्नासोबत दिलेले सातही कागद जोडले आहेत.

सप्रेम नमस्कार.

प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. नुसत्या गुणांवरून मला काहीच सांगता आलं नसतं. निबंध दोनदा वाचला. तुमच्या लेकीला इतिहास येतो, चांगला येतो, हे आधी सांगते. विषय सोडायची गरज नाही. अडचण एकाच जागी आहे, आणि मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत ती दूर होण्यासारखी आहे.

प्रश्न असा होता: १८६५ ते १८७७ या, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं जगणं कितपत बदललं, याचं मूल्यमापन करा. तिने सात कागदांचे सात परिच्छेद केले. पहिला कागद असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो. सारांश नेटके आहेत, माहितीची चूक एकही नाही. सुरुवातीच्या परिच्छेदाच्या शेवटी मात्र हे वाक्य आहे: 'या काळात काही गोष्टी बदलल्या आणि काही बदलल्या नाहीत.'

गुण इथे गेले. प्रश्नात वजन 'कितपत' या शब्दाला आहे आणि तिच्या वाक्यात त्याचं उत्तरच नाही. हे वाक्य जगातल्या कुठल्याही देशाच्या कुठल्याही बारा वर्षांना लागू पडेल. डीबीक्यूच्या सात गुणांची वाटणी ठरलेली असते. एक गुण दाव्याला, ज्याला ते थिसिस म्हणतात. एक पार्श्वभूमीला. तीन पुराव्यांना, त्यातले दोन दिलेल्या कागदांतल्या आणि एक स्वतःच्या माहितीतून आणलेल्या पुराव्याला. एक गुण किमान दोन कागदांबद्दल ते कोणी, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत लिहिले हे दाव्याशी जोडून सांगण्याला. शेवटचा एक, विषयाची गुंतागुंत उलगडून दाखवली तर. तिने यादवी युद्धाची मांडणी छान केली आहे, त्याचा एक गुण मिळाला. कागदांतला मजकूर बरोबर वापरला, त्याचा एक मिळाला. बाकीच्या पाचांसाठी तिने काही लिहिलेलंच नाही. शिक्षिकेने हात आखडता घेतलेला नाही.

आता गंमत बघा, लागणारी माहिती तिच्याच निबंधात विखुरलेली आहे. तेरावी घटनादुरुस्ती १८६५, चौदावी १८६८, पंधरावी १८७०. गुलामी संपली, नागरिकत्व मिळालं, पुरुषांना मताचा हक्क मिळाला. तिन्ही सालं बरोबर, एकाखाली एक. उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनच्या जानेवारी १८६५ च्या हुकुमाचाही उल्लेख आहे. किनारपट्टीवरच्या जमिनी चाळीस-चाळीस एकरांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायच्या, असा तो हुकूम. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या, हेही तिने लिहिलं आहे. नाही तो फक्त 'म्हणून'. जमीन मिळाली नाही, म्हणून माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर बटईने राबायला गेला. बियाणं आणि धान्य उधारीवर घ्यावं लागलं, म्हणून पीक निघायच्या आधीच कर्जात गेला. मत स्वतःचं, पण पोट मालकाच्या हातात. मग दावा असा करता येतो: कायद्याने झालेला बदल फार मोठा होता, पण जमीन हाती न आल्यामुळे शेतात तो फार थोडा पोचला, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतल्यावर कायद्याने दिलेलंही टिकवणं अवघड झालं. यात 'कितपत'चं उत्तर आहे, बाजू घेतलेली आहे, आणि पुढचे परिच्छेद कुठल्या क्रमाने यायचे तेही ठरून जातं.

चौथ्या कागदावर मी जरा थांबले. तो बटईचा करारनामा आहे. तिने लिहिलंय की कसणाऱ्याला अर्धं पीक द्यावं लागे. बरोबर आहे, पण कागदाच्या तळाशी काय आहे ते तिला दाखवा. मालकाची पूर्ण, वळणदार सही. कसणाऱ्याचं नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात, आणि त्याच्या शेजारी फक्त एक फुली. आपल्याकडे जुन्या खरेदीखतांवर आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर अंगठे असतात ना, अगदी तसं. युद्धाआधी दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. हा करार लिहिला मालकाने, त्याच्या सोयीने. उद्या भांडण झालं तर न्यायाधीशापुढे ठेवायला. ज्याच्यावर तो बंधनकारक होता, त्याला बहुधा तो वाचताही येत नव्हता. दोन स्वतंत्र माणसांचा करार, हे कागदाचं रूप. त्यातला एकच वाचू शकतो, ही फुलीतून दिसणारी वस्तुस्थिती. एवढं तिने तीन वाक्यांत लिहून वरच्या दाव्याला जोडलं असतं, तर कागद कोणी आणि कशासाठी लिहिला या गुणासाठी लागणाऱ्या दोन कागदांपैकी एक तिथेच झाला असता.

आता तुमच्यासाठी एक काम. जेवताना साल विचारणं बंद करा. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्यामुळे तिच्या मनात असं पक्कं बसतंय की साल सांगितलं की उत्तर संपलं. या परीक्षेत साल सांगितल्यावर उत्तर सुरू होतं. त्याऐवजी एखाद्या रविवारी दोघं मिळून एक कागद वाचा. मी सुचवते तो मराठी आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी जी उदारता आणि निरपेक्षता दाखवली तिच्या सन्मानार्थ, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी त्यांचा कित्ता घ्यावा या आशेने. तुम्ही ती अर्पणपत्रिका तिला मोठ्याने वाचून दाखवा. मग तिला १८७३ च्या लुईझियानात न्या. त्या वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलफॅक्स गावातल्या कोर्टाच्या इमारतीवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला आणि कित्येक कृष्णवर्णीयांना ठार मारलं. अनेकांना तर शरण आल्यानंतर मारलं. ज्या थोड्या लोकांना त्यासाठी दोषी धरलं, त्यांची शिक्षाही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

मग तिला विचारा: पुण्यातून दिसणारी अमेरिका आणि लुईझियानातली अमेरिका इतकी वेगळी कशी? फुले अमेरिकेची स्तुती करतायत, पण ते बोलतायत कुणाशी? बॉस्टनमधल्या वाचकाशी की पुण्यातल्या? तिने स्वतःहून म्हटलं पाहिजे की ही अर्पणपत्रिका अमेरिकेचं वर्णन करायला लिहिलेली नाही, ती इथल्या माणसांना हलवायला लिहिली आहे, म्हणून तिच्यात अमेरिकेचा तेवढाच भाग आला आहे जो त्या कामाला उपयोगी पडतो. कागद खरा की खोटा एवढ्यावर थांबायचं नाही. कागद काय करू पाहतोय, ते शोधायचं. हे तिला फुल्यांच्या बाबतीत एकदा जमलं की लिंकनच्या भाषणाच्या आणि कारखानदाराच्या जाहिरातीच्या बाबतीतही जमेल. परीक्षेतल्या उत्तरात मात्र तिने फुल्यांना आणू नये. प्रश्न अमेरिकेच्या इतिहासाचा असतो आणि बाहेरचा पुरावा प्रश्नाला थेट भिडावा लागतो.

दुसरा रविवार तुमच्याच गोष्टीला द्या. तिने तुम्हाला विचारावं, बाबा, तुम्ही एडिसनला कसे आलात? तुम्ही म्हणाल, एच-वन-बीवर. तिने मागे जावं. त्या व्हिसाचा कायदा १९९० चा. त्याआधी १९६५ चा कायदा, जो जॉन्सनने (हा लिंडन जॉन्सन, वरचा वेगळा) स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही करून लागू केला. त्याने देशागणिक ठरवलेले जुने कोटे काढून टाकले. त्याच्या मागे १९४६, जेव्हा भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, पण भारतातून नव्याने यायला परवानगी वर्षाला शंभरच माणसांना. त्याच्या मागे १९२३, भगतसिंग थिंड खटला: पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात गेलेला माणूस, आणि न्यायालय म्हणालं की तू कायद्याच्या अर्थाने गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. त्याच्या मागे १९१७, ज्या वर्षी हिंदुस्थानातून स्थलांतर करून येणंच जवळजवळ बंद केलं गेलं. एका बापाच्या विमानाच्या तिकिटामागे एवढा रस्ता आहे. काय बदललं, काय तसंच राहिलं, आणि १९६५ ला दार का उघडलं, यावर तिला पाच मिनिटं बोलता आलं, तर परीक्षेला लागणारी पार्श्वभूमी कशी लिहायची हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

परीक्षेच्या व्यवहाराचं थोडक्यात सांगते. डीबीक्यूचं वजन २५ टक्के आहे, सगळी परीक्षा तेवढीच नाही. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के. ४० मिनिटांत तीन लघुत्तरी, त्यांना २० टक्के. मग डीबीक्यूला एक तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटं वाचनासाठी धरलेली. शेवटी ४० मिनिटांचा दीर्घ निबंध, १५ टक्के. डीबीक्यूचा विषय १७५४ ते १९८० मधलाच असतो. कोलंबसाच्या आगमनाच्या आसपासचा पहिला कालखंड आणि १९८० नंतरचा शेवटचा, दोन्हींना प्रत्येकी चार ते सहा टक्केच वजन आहे. त्यांच्यावर आठवडे घालवू नयेत. परीक्षा आता ब्लूबुक ॲपवर टाइप करून द्यायची असते, म्हणून सरावही स्क्रीनवरच करावा. कागदावर अधोरेखित करून वाचायची सवय असलेल्या मुलांना स्क्रीनवरचे सात कागद जड जातात.

रोजचे दोन तास कमी करून एक करा, हे मी मुद्दाम सांगतेय. आठवड्यातून दोनदा तिने फक्त पंधरा मिनिटांचा सराव करावा: सात कागद वाचायचे, त्यांचे दोन किंवा तीन गट करायचे आणि दाव्याचं एक वाक्य लिहायचं. बस, निबंध लिहायचाच नाही. पूर्ण निबंध पंधरवड्यातून एकदा पुरे. ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड जुने प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांचे खरे निबंध मिळालेल्या गुणांसह प्रसिद्ध करतं. त्यातला एखादा निबंध घेऊन तिने गुण न बघता स्वतः तपासावा, मग खरे गुण पाहावेत. माझ्या अनुभवात मुलांचा सगळ्यात जास्त फायदा यातूनच होतो, कारण दुसऱ्याच्या निबंधात 'म्हणून' नसला की तो लगेच दिसतो. शिवाय इंग्लिश लँग्वेजमध्ये ती दिलेल्या स्रोतांवरून स्वतःचं म्हणणं मांडणारा निबंध लिहितेच आणि त्यात तिला चांगले गुण आहेत. म्हणजे हे कौशल्य तिच्याकडे आहे. इतिहासाच्या तासाला ते वापरायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

उपयोग काय, हे तुम्ही विचारलंत. ती पुढे काय होईल ते आपण आज ठरवू नये. अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतर असतं आणि त्याला अमुकच विषयाची पदवी लागते असं नाही. वकील होवो, डॉक्टर होवो किंवा तुमच्यासारखी इंजिनिअर, समोरच्या कागदावर कुणाची सही आहे आणि कुणाची फुली, हे बघायची सवय तिला सगळीकडे लागेल. एपीच्या गुणांवर कॉलेजात मिळणाऱ्या क्रेडिटचं म्हणाल तर प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे. कुठे पाचपैकी तीनला मिळतं, कुठे पाचलाही नाही. त्या हिशेबाने हा विषय ठेवू किंवा सोडू नका. चार एपींमुळे तिची झोप पाच तासांवर आली असेल तर मला कळवा. मग काय कमी करायचं ते पाहू, पण तेव्हाही तिलाच विचारून.

पुढचा डीबीक्यू झाला की पूर्ण निबंध नको, फक्त पहिला परिच्छेद पाठवा. आणि तो तिने पाठवावा, सोबत तिचं स्वतःचं दोन ओळींचं पत्र असावं. मराठीत लिहिलं तर मला आनंद होईल, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल.