जुलैची टोपली

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

नोकरीतून वर्षभर मोकळी होऊन एक पूर्ण हंगाम आमच्या शेतावर काढायचा म्हणतेस. जरूर ये. पण ‘मला तोडणी शिकायचीय’ असं लिहिलंयस, त्यावर जरा बोलते. तोडणी हाताला लवकर बसते. ती शिकवायला माझी गरजही नाही, आमच्या रानात कामाला येणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा बऱ्या शिकवतील.

पालेभाजी ऊन चढायच्या आत काढायची. मेथी उपटायची, पालक कापायचा, जुड्या बांधून सावलीत ओल्या गोणपाटाखाली सरकवायच्या. एकदा उन्हात तापलेली मेथी नंतर कितीही पाणी मारलं तरी दुपारपर्यंत मान टाकते. घेवड्याला मात्र दव सुकेपर्यंत हात लावायचा नाही, कारण ओल्या पानांतून फिरलं की तांबेरा रोग एका वेलावरून दुसऱ्यावर आपणच नेतो. मधल्या वेळात भेंडी. फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत ती तोडायला येते, म्हणून तोडा एक दिवसाआड, रविवार असो नाहीतर पाहुणे येवोत. मावशी बोटानं शेंडा मोडून बघतात. कट्‌कन मोडला तर क्रेटमध्ये, नुसता वाकला तर गुरांना. पण जून झालेलीही तोडायचीच. ती झाडावर राहिली की झाड बी पोसत बसतं आणि नवी फुलं कमी धरतं. भेंडीच्या लवेनं हात असे खाजतात की पहिल्या आठवड्यात तुला परत जावंसं वाटेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, हातमोजे घाल. गवारीबद्दल काही लिहीत नाही. अर्धा दिवस वाकून पोतं भरत नाही, एवढंच.

खरं काम त्याच्या आधीचं आहे. आमचे सभासद, पुण्यातली कोथरूड-बावधनकडची घरं, हंगामाचे पैसे आगाऊ भरतात आणि दर आठवड्याला निघेल त्याचा वाटा टोपलीतून घेतात. ही कल्पना आमची नव्हे. जपानात 1970च्या दशकात शेतकरी आणि शहरातली घरं अशी थेट बांधली गेली, त्याला ते ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी तसंच काहीसं सुरू केलं. आपल्याकडे त्याची गरज कुणी समजावून सांगायला नको. कोथिंबिरीचा भाव पडला की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि माणूस उभ्या पिकात जनावरं सोडतो. इथे ती धास्ती नाही, कारण पैसे आधीच आलेले असतात. पण त्यामुळेच टोपली रिकामी गेली तर तोंड दाखवायचं कुणाला, हा प्रश्न येतो.

आणि जुलैत ती रिकामी जायला बघते. मुळशीचा पाऊस आहे हा. मेथी वाफ्यातच कुजते, टोमॅटोला करपा येतो, काकडीच्या वेलाला केवडा रोग. मेमध्ये ठिबकवर टोकलेला दोडका जगला तर जगला. तेव्हा टोपलीत काय जातं? उन्हाळ्यात उतरवून ठेवलेल्या लाल भोपळ्याची फाक, रब्बीचे कांदे, लसूण, अळूची जुडी, बांधावरचा टाकळा आणि नशिबात असलीच तर मूठभर करटोली. अशा आठवड्यात मंडईतून चार क्रेट फ्लॉवर आणून टोपली भरावी, कुणाला कळणारही नाही, असं मनात येतं. तुझ्याही येईल. तसं करायचं नाही. सभासदांना सोमवारीच लिहायचं की या आठवड्यात पाऊस लागून राहिलाय, भाजी कमी आहे, टाकळा असा निवडायचा आणि लसणाच्या फोडणीवर असा परतायचा. काही जण कुरकुरतात. एखादं घर पुढच्या हंगामाला येत नाही. जाऊ दे. पावसाचा धोका वाटून घेऊ म्हणूनच ते पैसे भरतात, आणि पाऊस कसा लागलाय हे त्यांना आपणच सांगितलं नाही तर ते वाटून काय घेणार?

म्हणून तू आल्यावर तुझ्या हातात पहिल्यांदा विळा नाही, वही देणार आहे. आम्ही टोपलीपासून मागे मोजतो. भोगीच्या भाजीला जानेवारीत गाजर, ओला हरभरा, पावटा, वांगी हवीत. गाजराला तीन महिने लागतात, म्हणजे दसऱ्याच्या आसपास पेरणी, आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊ देत नाही. मग गादीवाफे उंच करायचे, नाहीतर गाजर उशिरा येणार हे आत्ताच लिहून ठेवायचं. वांग्याची रोपं ऑगस्टात ट्रेमध्ये टाकायची. चातुर्मासात काही घरांना वांगं चालत नाही, आणि चंपाषष्ठीला त्याच घरांना भरताची वांगी एकाच दिवशी हवी असतात. ऋषिपंचमीला अळू, माठ, पडवळ लागतंच. बैलाच्या कष्टाचं नको, अशी अट असते. आमच्याकडे पॉवर टिलर आहे, त्यामुळे ती अट आपोआप पाळली जाते. मेथी महिन्याभरात निघते, म्हणून ती दर आठवड्याला थोडी थोडी टाकायची. एकदम टाकलीस तर एका आठवड्यात प्रत्येक घरी चार जुड्या जातील आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही. चार जुड्या मेथी निवडायला लागलेल्या माणसाचा फोन तूच घेशील.

वहीत पेरणीची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख, किती निघालं आणि किती परत आलं, एवढंच. परत आलेल्याचा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो. आमच्या मुळ्याचा तो कायम भरलेला असतो. तरी मी मुळा लावते, कारण त्याचा पाला मला आवडतो.

मानधनाचं तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. राहणं-जेवण इथेच, शिवाय मावशींना मिळते तीच रोजंदारी. शिकायला आलीस म्हणून फुकट राबवणार नाही. ती कमी वाटली तर आत्ताच कळव, ऑगस्टात नको. मृगाच्या आठवडाभर आधी पोच, म्हणजे खरिपाची रोपं लावायला सापडशील. गमबूट इथे तालुक्याला मिळतात, पण तुझ्या मापाचे मिळतील याची खात्री नाही. ते येताना घेऊनच ये.

तुझी,
काकू