असोसिएटबाय उधारी गिळतंय, वेगाचं नंतर बघू

तुमचे प्रश्न दोन: कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेत बिलांच्या यादीवरून गिऱ्हाइकवार उधारी काढताना काहींची रक्कम कमी का येते, आणि असिक्वेन्स (यादीचा सिक्वेन्स करणारं फंक्शन) लावलं तर अडखळणारी स्क्रीन सुधारेल का.

रक्कम खातंय ते असोसिएटबाय, म्हणजे यादीचा मॅप (की आणि तिची वस्तू अशा जोड्या) करणारं फंक्शन. ते एका कीला एकच वस्तू ठेवतं. तीच की परत आली की आधीची जाते, शेवटची उरते. पाटीलकाकूंची १२०, ३४० आणि ७५ अशी तीन बिलं असली तर मॅपमध्ये फक्त ७५ चं राहतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मीही एका दुकानाच्या अ‍ॅपमध्ये हेच करून बसलो होतो. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, मालकाने मात्र वही समोर आपटली.

इथे ग्रुपबाय हवं. फिल्टरने न भरलेली बिलं वेगळी काढा, ग्रुपबायने गिऱ्हाइकाच्या आयडीवर गट पाडा (नावावर नको, एका गल्लीत दोन सुनीता असतातच), मग मॅपव्हॅल्यूजमध्ये प्रत्येक गटावर समऑफ लावून बेरीज करा. काकूंचे ५३५ बरोबर येतील. मोठी उधारी वर हवी असेल तर सॉर्टेडबायडिसेंडिंग (उतरत्या क्रमाने लावणारं) मॅपवर थेट चालत नाही, एंट्रीजवर (मॅपमधल्या जोड्यांवर) लावा. आणि रक्कम डबलमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) ठेवू नका. रुपयांऐवजी पैशांत मोजून लाँगमध्ये (पूर्णांकात) ठेवा.

आता असिक्वेन्स. साध्या लिस्टवर फिल्टर, मॅप (इथे प्रत्येक वस्तू बदलणारं फंक्शन) अशी प्रत्येक पायरी नवी लिस्ट बनवते. सिक्वेन्स एकेक बिल सगळ्या पायऱ्यांतून नेतो. दहा हजार बिलांतली न भरलेली पहिली पाच हवी असतील तर लिस्ट दहाही हजार तपासते, सिक्वेन्स पाचवं सापडलं की थांबतो. तिथे तो जरूर वापरा. पण ग्रुपबायला शेवटच्या बिलापर्यंत जावंच लागतं, त्यामुळे तुमच्या तीनशे बिलांना त्याने काही फरक पडायचा नाही.

स्क्रीन अडखळते कारण हा हिशोब तुम्ही कंपोझेबलच्या (स्क्रीन रंगवणाऱ्या फंक्शनच्या) आतच मांडलाय. रिकंपोझिशन झालं, म्हणजे ते फंक्शन परत चाललं, की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. तो व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) न्या. बिलं रूममध्येच (अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीत) असतील तर त्याहून सोपं: ही साखळी पुसा आणि क्वेरीतच सम आणि ग्रुप बाय लिहा. डाओ (क्वेरी लिहायचा इंटरफेस) इथे टाकलात तर बघून सांगतो.