गणिताची पुस्तकं फुकट, तीही चोरीची नव्हेत

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कागलहून रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला येतो, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला गणित घेतलंय. रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राची रेफरन्स बुकं लई महाग आहेत, लायब्ररीतली कॉपी कायम कुणीतरी नेलेली असते. पोरं टेलिग्रामवरनं स्कॅन उतरवतात पण मधली पानंच गायब. कायदेशीर आणि फुकट असं काही मिळतं का? – एक विद्यार्थी, कागल

उत्तर : मिळतं की! लेखकानं स्वतःच नेटवर फुकट ठेवलेली चांगली पुस्तकं आहेत. फक्त गूगलवर ‘फ्री पीडीएफ’ टाकून शोधू नको, त्यात चोरीचाच माल आधी वर येतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्सची ओपन टेक्स्टबुकांची यादी आहे, ती उघड. गणितातल्याच लोकांनी पारखून केलेली, विषयवार लावलेली.

लिनिअर अल्जेब्राला डोळे झाकून जिम हेफरॉन घे. पुस्तक आणि उत्तरं अशा दोन पीडीएफ आहेत, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये सेव्ह करायच्या, मग उदाहरणावर क्लिक केलं की थेट त्याच्या उत्तरावर उडी मारता येते (मोबाइलवर जमलं नाही तर कॉलेजच्या लॅबमध्ये बघ). आणि उत्तर म्हणजे नुसता शेवटचा आकडा नव्हे, सोडवून दाखवलंय, त्यामुळं क्लास नसलेल्या पोराला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही, फक्त आधी वहीत स्वतः झटापट कर आणि मग क्लिक कर, नाहीतर परीक्षेत हात चालणार नाही.

रिअल अॅनालिसिसला यिर्झी लेबल यांचं ‘बेसिक अॅनालिसिस’. रिअल नंबर्स, सीक्वेन्स-सिरीज, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्ह, रीमान इंटिग्रल, पुढं मेट्रिक स्पेसपर्यंत जातं. पण खरं सांगू, या विषयात पोरं अडतात ती अॅनालिसिसमुळं कमी आणि प्रूफ (सिद्धता) लिहिता येत नाही म्हणून जास्त. एप्सिलॉन-डेल्टाची (लिमिटची) व्याख्या पाठ असते, पण ‘समजा’ कुठं म्हणायचं आणि ‘म्हणून’ कुठं हे कुणी बसवून शिकवलेलंच नसतं. त्यासाठी रिचर्ड हॅमॅक यांचं ‘बुक ऑफ प्रूफ’ आधी वाच, तेही फुकट आहे, त्यातल्या विषम नंबरच्या उदाहरणांची उत्तरं मागं दिलीयत.

आता अडचण एकच, ही पुस्तकं आपल्या शिवाजी विद्यापीठाचा सिलॅबस समोर ठेवून लिहिलेली नाहीत. सिलॅबसची पीडीएफ घे आणि प्रत्येक युनिटसमोर पुस्तकातलं सेक्शन पेन्सिलनं लिही, एका संध्याकाळचं काम आहे, वर्षभर पुरतं. नुसतं वाचून डोक्यात जात नसेल तर एनपीटीईएलवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत, तीही फुकट.

प्रश्न : माझा राजारामपुरीत छोटा क्लास आहे. अशा पुस्तकांची प्रिंट काढून मुलांना विकली तर चालते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लायसन्स बघा सर, सगळ्यांना एक नियम नाही. ओपनस्टॅक्स ही फुकट पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था, तिच्या कॅल्क्युलसच्या तीन भागांवर सीसी बाय-एनसी-एसए लिहिलंय (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, पुस्तक कसं वापरायचं याची लेखकानं आधीच दिलेली परवानगी), त्यातलं एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, तेव्हा ते विकायचं नाही. हेफरॉन यांचं बाय-एसएखाली घेता येतं, ते विकलं तरी चालतं, पण लेखकाचं नाव ठेवायचं आणि तुम्ही त्यात फेरफार केलात तर तुमची आवृत्तीही त्याच लायसन्सखाली द्यायची. ‘बुक ऑफ प्रूफ’मध्ये एनसीबरोबर एनडी पण आहे, म्हणजे त्यातली प्रकरणं कापून, स्वतःची भर घालून नोट्स म्हणून वाटायच्या नाहीत.

मुलानं स्वतःपुरती प्रिंट काढली आणि झेरॉक्सवाल्याला पानाचे पैसे दिले तर काय, असंही बरेचजण विचारतात. अमेरिकेत यावरनं केस झाली होती, शाळांनी एनसीवालं साहित्य एका मोठ्या कॉपी कंपनीकडून छापून घेतलं होतं, आणि २०१८ साली अपील कोर्टानं सांगितलं की शाळेचा वापर धंद्याचा नाही, छापून देणाऱ्यानं पैसे घेतले म्हणून लायसन्स मोडत नाही. निकाल तिकडचा आहे, इथं जसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्यापुरतं म्हणाल तर मुलांना लिंक द्या, ज्याला कागद हवा तो स्वतः प्रिंट काढेल, तुमच्या डोक्याला ताप नाही.