बस्टर कीटनला बोलपटांनी संपवलं का? आणि त्याचे मूकपट कोणत्या क्रमाने बघावेत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चित्रपटांना आवाज आल्यामुळे अमेरिकेतला मूकपटांचा विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन संपला हे खरं का, आणि आज त्याचे चित्रपट बघायचे तर सुरुवात कुठून करावी. पहिल्याचं उत्तर कळलं की दुसरं सोपं होतं.

आवाजाने तो संपला नाही. तारखाच बघा. १९२८च्या सुरुवातीला त्याने स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओशी करार केला, तेव्हा त्याचा मूकपटांचा काळ अजून चालू होता. 'फ्री अँड ईझी' हा त्याचा पहिला मोठा बोलपट आला १९३०मध्ये. त्याच्या आवाजात काही खोट नव्हती. घोगरा, खर्जातला, चेहऱ्याला शोभणारा. रंगभूमीवर तो लहानपणापासून बोलत-गात आला होता. एमजीएमचे बोलपट आपटले म्हणावेत तर तेही नाही, त्यांनी पैसे चांगले कमावले. गेलं ते दुसरंच: चित्रपट बनवायची त्याची पद्धत. ती कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जन्म ४ ऑक्टोबर १८९५, कॅन्ससमधलं पिकुआ. आईवडील, मायरा आणि जो, फिरत्या खेळांमधले कलाकार. 'द थ्री कीटन्स' नावाच्या त्यांच्या खेळात बाप पोराला उचलून नेपथ्यावर, कधी वादकांच्या खड्ड्यात भिरकावायचा. पकड नीट मिळावी म्हणून पोराच्या पोशाखाला पाठीवर सूटकेसची मूठ शिवलेली असे. पडताना अंग कसं सोडायचं आणि डोकं कसं वाचवायचं, हे तो तिथे शिकला. आपण हसलो की प्रेक्षक हसत नाहीत, हेही तिथेच कळलं. पुढे ज्याला 'दगडी चेहरा' म्हणून नाव मिळालं तो म्हणजे हा धंद्यातला धडा. चेहरा मख्ख असला, तरी डोळे सतत काम करत असतात. पहिल्यांदा बघताना हे निसटतं.

१९१७मध्ये बापाच्या दारूपायी तो खेळ मोडला. न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलने त्याला 'द बुचर बॉय' या चित्रपटात घेतलं. कीटनने कॅमेरा मागून घेतला आणि आत काय आहे ते खोलून बघितलं. पहिल्या महायुद्धात तो सैनिक म्हणून फ्रान्सला गेला. तिथल्या संसर्गाने ऐकू येणं कमी झालं, ते कायमचंच. १९२०मध्ये निर्माता जोसेफ शेंकने त्याला स्वतःचं युनिट दिलं, तेही चॅप्लिनच्या जुन्या स्टुडिओत. पुढची आठ वर्षं म्हणजे खरा कीटन.

या युनिटात लिहिलेली पटकथा नसायची. सुरुवात आणि शेवट ठरला की काम सुरू. मधलं आपोआप सापडतं, हा त्याचा हिशेब. विनोद लिहिणारे दोन-तीन जण, छायालेखक एल्गिन लेस्ली, तंत्राची बाजू सांभाळणारा फ्रेड गॅबुरी, सगळे रोजचे. अडलं की बेसबॉल खेळायचे. प्रसंग जमला नाही तर पुन्हा चित्रित करायचे. प्रेक्षकांना कच्ची प्रत दाखवून दुरुस्त्या व्हायच्या. 'सेव्हन चान्सेस'मध्ये (१९२५) उतारावरून पळताना कीटनच्या पायाने दोन-तीन दगड सुटले आणि चाचणी खेळात लोक तिथे हसले. मग खोटे दगड बनवून अख्खी दरडच त्याच्यामागे सोडली.

त्याचे विनोद म्हणजे जवळजवळ बांधकाम खात्याचं काम. 'द प्लेहाउस'मध्ये (१९२१) एकाच चौकटीत नऊ कीटन दिसतात. कॅमेऱ्यापुढे झडपांची पेटी लावली. एक झडप उघडायची, तेवढी पट्टी चित्रित करायची, फिल्म मागे गुंडाळायची, मग पुढची झडप. असं नऊ वेळा. कॅमेरा हाताने फिरवायचा, म्हणजे लेस्लीचा वेग एकदा जरी चुकला असता तरी शेजारशेजारचे कीटन एका ठेक्यात नाचले नसते. 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये (१९२४) नायक पडद्यात शिरतो. तो जागच्या जागी असतो आणि मागचं दृश्य बदलत राहतं: बाग, रस्ता, कडा, समुद्र. त्यासाठी प्रत्येक शॉट लगेच धुऊन त्यातल्या शेवटच्या काही चौकटी कापून कॅमेऱ्यात बसवायचे आणि त्यातून बघत कीटनला आधीच्याच जागी उभा करायचे. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालच्या प्रसंगात लोंढ्याने त्याची मान रुळावर आपटली. काही दिवस डोकं दुखलं, काम चालूच. मणका मोडला होता हे बऱ्याच वर्षांनी एक्स-रेत कळलं.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधली (१९२८) पडणारी भिंत. घराचा दर्शनी भाग अंगावर कोसळतो आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीच्या जागेत कीटन तसाच उभा. लोक हा नशिबाचा खेळ समजतात. भिंतीची चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवली, कीटनला धरून खिडकीचं माप घेतलं. डोक्याला, खांद्यांना, टाचांना सुमारे दोन-दोन इंचांची मोकळीक. टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले आणि मग चौकट उभी करून वर भिंत चढवली. वजन सुमारे दोन टन. हलकी का केली नाही? कारण वादळासाठी विमानाच्या इंजिनांचे प्रचंड पंखे लावले होते. हलकी भिंत त्या वाऱ्यात पिळवटली असती, तर खिडकी जागेवर आलीच नसती. या प्रसंगात वजनच त्याची सुरक्षा होती. छोट्या आकारात हीच युक्ती त्याने 'वन वीक'मध्येही (१९२०) वापरली होती, म्हणजे हे आठ वर्षांत वाढवत नेलेलं काम आहे.

आता एमजीएमशी झालेला करार. त्याचा 'द जनरल' हा आगगाडीचा चित्रपट अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह परिसरात चित्रित झाला. २३ जुलै १९२६ला खरं इंजिन जळत्या पुलावरून खरोखर नदीत पाडलं. खर्च साडेसात लाख डॉलरच्या घरात गेला आणि अमेरिकेत वसुली पाच लाखांनाही पोचली नाही. आज ज्याला अभिजात म्हणतात, त्या चित्रपटाने त्याची मोकळीक घालवली. शेंकने युनिट बंद करून त्याला एमजीएमकडे जायला सांगितलं. चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड या दोन्ही विनोदी नटांनी 'जाऊ नकोस' म्हणून बजावलं होतं. शेंक हा कीटनच्या बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणून कीटनने त्याच्यावर विश्वास ठेवला.

एमजीएममध्ये पगार आठवड्याला तीन हजार डॉलर, पण पटकथा आधी लिहून मंजूर व्हायला हवी, प्रत्येक गोष्ट आधी कागदावर. धोक्याच्या उड्या बंद. पहिला 'द कॅमेरामन' (१९२८) भांडून-भांडून उत्तम झाला. नंतर त्याला शब्दांचे विनोद करणाऱ्या माणसांच्या कथेत बसवलं. विनोदी नट जिमी ड्युरांटच्या अखंड बडबडीशेजारी त्याला उभा केलं, यात दोघांचंही नुकसान. दारू वाढली, १९३२मध्ये घटस्फोट झाला, १९३३मध्ये स्टुडिओने काढून टाकलं. नंतर स्वस्तातले लघुपट, आणि त्याच एमजीएममध्ये आठवड्याला शंभर डॉलरवर दुसऱ्यांसाठी विनोद सुचवायची नोकरी. १९४०मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि गाडी रुळावर आली.

बघण्याचा क्रम. 'वन वीक'पासून सुरुवात करा. वीसेक मिनिटांचा आहे, आणि जोडणीच्या घराच्या खोक्यांवरचे आकडे बदलले की काय होतं एवढीच गोष्ट. मग 'शेरलॉक ज्युनियर', पाऊण तास. मग 'द जनरल', मग 'स्टीमबोट बिल ज्युनियर', शेवटी 'द कॅमेरामन'. थेट 'द जनरल'ने सुरुवात करणारे बरेचदा हिरमुसतात: हसू कमी, आगगाडी जास्त. कीटनची नजर आधी ओळखीची झाली की तो चित्रपट खुलतो. त्यात नायक अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बाजूचा आहे आणि गुलामगिरीचा प्रश्न कथेत येतच नाही, हे माहीत असू द्या. 'सेव्हन चान्सेस' आणि 'कॉलेज'मध्ये तोंडाला काळं फासून केलेले विनोद आहेत, ते आज बघवत नाहीत. १९३०नंतरचे बोलपट सुरुवातीला टाळा.

प्रत निवडताना फसगत होते. १९२८पर्यंतचे चित्रपट अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळे असल्याने इंटरनेटवर वाटेल तशा प्रती आहेत. तीन गोष्टी तपासा. एक, वेग: लोक साधं चालताना मुंग्यांसारखी लगबग करत असतील तर प्रत चुकीच्या वेगाची. पाठलागावरून ठरवू नका, तो मुद्दाम वेगवान केलेला असतो. दोन, चौकट: चित्र जवळजवळ चौकोनी, चारास तीन हवं. टीव्हीवर ताणून किंवा वरखाली कापून दिसत असेल तर सेटिंग बदला, कारण कीटनचा विनोद टोपीपासून बुटापर्यंत अख्ख्या देहाचा आहे आणि पाय कापले गेले की अर्धा गेलाच. तीन, संगीत: प्रसंगाशी संबंध नसलेला पियानो वाजत असेल तर सरळ आवाज बंद करून बघा.

सगळं झाल्यावर 'द रेलरोडर' (१९६५) बघा, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा छोटा चित्रपट. सत्तरीला टेकलेला कीटन रुळांवरच्या चिमुकल्या ट्रॉलीवरून अख्खा कॅनडा पार करतो, तोंडातून अवाक्षर न काढता. त्याच्या चित्रीकरणावरचा 'बस्टर कीटन राइड्स अगेन' हा माहितीपट मात्र चुकवू नका. उंच रेल्वेपुलावर वाऱ्यात फडफडणाऱ्या भल्यामोठ्या नकाशात गुरफटायचा प्रसंग त्याला हवा असतो. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटनला ते धोक्याचं वाटतं, तो दुसरं काहीतरी सुचवतो. म्हातारा कुरकुरतो आणि हटत नाही. शेवटी पुलावर नकाशाच होतो. त्या चित्रीकरणानंतर दीड वर्षाच्या आत, १ फेब्रुवारी १९६६ला, कीटन गेला.